नदीच्या थडीत जुनं हाड दिसलं तर काय करायचं

पहिली गोष्ट, उचलू नका. बाकी सगळं नंतर.

माझ्याकडे खानदेशातल्या गिरणा नदीच्या थडीत सापडलेली एक दाढ आहे, कसल्या तरी मोठ्या जनावराची, मुठीएवढी. मी तेव्हा आठवीत होतो, घरी आणून ब्रशनी घासून चकाचक केली, आजोबांनी हातात घेतली आन म्हणाले, "भो, हाई तं दगड शे." आता ती कुठल्या थरातली, किती खोलावरची, काहीच सांगता येत नाही, आणि तेवढी एक माहिती गेली की दाढ नुसती शोभेची वस्तू होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ ला भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नर्मदेच्या थडीत गोट्या-वाळूच्या घट्ट थरात आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. तो कुठल्या थरातला हे माहीत होतं म्हणून त्याच थरातली जनावरांची हाडं आणि दगडी हत्यारं त्याच्याशी जोडून बघता आली, कवटीच्या वयावर अजून वाद चालतो तोही त्या थराच्या आधारानंच. इथिओपियात १९७४ ला लूसी (माणसाच्या फार जुन्या नातलगांपैकी एकीचा सांगाडा) सापडली तेव्हाही आधी दिसला होता उतारावर पडलेला कोपराजवळच्या हाडाचा छोटासा तुकडा, ३२ लाख वर्षांपूर्वीचा. मग तिथंच शोधत गेले आणि जवळपास ४० टक्के सांगाडा हाती आला. तो तुकडा कुणी आधीच खिशात घालून नेला असता तर?

आपल्याकडे बघायला जायचं ते दिवाळीनंतर, गवत वाळलेलं असतं आणि पुरानं थडी ताजी कापलेली असते. काळ्या खडकात वेळ घालवू नका, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, माणूस तेव्हा नव्हताच. पिवळ्या मातीच्या खाली गोटे-वाळू एकमेकांना चिकटून सिमेंटसारखे झालेले असतात तो थर बघा. तुटलेल्या बाजूला स्पंजासारखी बारीक जाळी दिसली तर हाड, आणि हातात घेण्याआधी डोळ्यानंच ओळखा. दगडी हत्याराला एकाच कडेला ओळीनं टवके उडालेले असतात, नदीनं घासलेला गोटा तसा नसतो.

दिसलं की आधी लांबून फोटो, पूर्ण थडी येईल असा, मग जवळून, बाजूला १० रुपयांचं नाणं ठेवून (२७ मिमीचं असतं, मापाला बरं पडतं). मोबाईलमधून लोकेशन सेव्ह करा. थडीच्या वरच्या काठापासून टेपनं खोली मोजा, थराचा रंग लिहा. धुवायचं नाही, फेविक्विक लावायचं नाही, आणि खड्डा तर अजिबात खणायचा नाही. मग धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नाहीतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजला फोटो पाठवून विचारा.

आपल्या थड्यांवर दशक्रिया होतात, काही ठिकाणी पुरतातही, म्हणून माणसाचं आणि अलीकडचं वाटलं तर हात न लावता पोलीस पाटलांना सांगायचं.

छोटी वस्तू म्हणून सोडू नका. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघालेत, मधोमध भोक पाडलेले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. शहामृग आता आपल्याकडे औषधालाही नाही!

एकच वेळ अशी की थांबता येत नाही, वाळू उपसायला जेसीबी उतरलाय किंवा पूर चढतोय आणि कुणी फोन उचलत नाही. तेव्हा फोटो-मापं घेऊन हाड भोवतीच्या मातीच्या ढेकळासकट काढा, सुती कापडात गुंडाळा, डब्यात ठेवा. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, पेनची शाई ओलीनं पसरते: गाव, नदी, कुठली थडी, किती खोल, तारीख. चिठ्ठी डब्याच्या आतच टाका, झाकणावर चिकटवलेली निघून जाते.