दाजीपूरला फोटोग्राफीचा ग्रुप न्यायचा असेल तर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरच्या जंगलात, गवे आणि पक्षी टिपायला ग्रुप न्यायचा तर आधी माणसं किती ते ठरवा. तारीख, गाडी, जेवण हे सगळं त्यानंतर. पहिल्यांदाच आयोजन करत असाल तर १२ च्या वर जाऊ नका. तीन जीप, प्रत्येकीत चार फोटोग्राफर. वडापच्या (शेअर) जीपमध्ये चौदा जण मावतात, मग इथं सहा-सात का नकोत, असं कुणीतरी विचारणारच. कारण साधं आहे: ४०० किंवा ६०० मिमीची लेन्स वळवायला माणसाएवढीच जागा लागते, आणि गवा दिसला की सगळे एकाच बाजूला झुकतात. मग एकाची लेन्स दुसऱ्याच्या कानाशी आणि तिसऱ्याच्या फ्रेममध्ये चौथ्याची टोपी.

राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. १९५८ मध्ये दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखलं गेलं आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार झाला. कोल्हापूरहून दाजीपूर साधारण ८० किलोमीटर. पहाटे शहरातून निघून उजेडाच्या आत पोचण्याच्या भानगडीत पडू नका. आदल्या दुपारी निघा, राधानगरी किंवा दाजीपूर परिसरात मुक्काम करा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि चांगला प्रकाश नऊ-साडेनऊपर्यंतच टिकतो. तेवढ्या अडीच तासांसाठीच हा सगळा खटाटोप असतो.

पावसाळ्यात सफारी बंद असते. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. गवे पाणवठ्यावर हवे असतील तर एप्रिल-मे, पण तेव्हा दहानंतर ऊन असं चढतं की गरम हवेच्या थरथरीमुळे लांबचे फोटो मऊ, म्हणजे अस्पष्टच येतात. लेन्स कितीही महाग असली तरी.

तीन आठवडे आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा: साप्ताहिक बंदचा वार, प्रवेशाच्या वेळा, कॅमेऱ्याचं शुल्क, आणि गाईड-जीपची सोय. फोनवर ऐकलेले दर वर्गणी ठरवायला वापरू नका. वर्गणी पूर्ण आणि आधीच घ्या, शेवटच्या आठवड्यात गळालेल्याचे पैसे परत मिळणार नाहीत हे त्याच वेळी सांगा. नाहीतर तिसऱ्या जीपचं भाडं उरलेल्यांच्या खिशातून जातं. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. कुणी आणत असेल तर त्याला घरीच ठेवायला सांगा.

आधीच्या रविवारी कोल्हापूरच्या कळंबा तलावावर सराव घ्या. ही पायरी बहुतेक ग्रुप टाळतात आणि मग जंगलात मेनू शोधत बसतात. शेकाट्या, पाणकावळा, खंड्या, हळदी-कुंकू बदक हे सरावाला उत्तम गिऱ्हाईक. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. उडता पक्षी १/२००० सेकंद शटरवर, बसलेला १/५०० वर टिपायला लावा. बगळा पांढराशुभ्र फुटून पिसांचे बारकावे जातायत का, ते स्क्रीनवर बघून एक्सपोजर (फोटोचा उजेड) कमी करायला शिकवा. फोकस लागल्याची 'टिक' आणि फ्लॅश दोन्ही इथंच कायमचे बंद करा. जेल जवळच आहे, त्या दिशेला लेन्स रोखू नका.

जंगलातलं गणित वेगळं. गवा काळसर. तो फ्रेममध्ये भरला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. मग कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, फोटो हलतो आणि गवा राखाडी दिसतो. वर गव्याच्या पायांचा मोज्यांसारखा पांढरा भाग जास्त उजेडानं जळून जातो ते वेगळंच. म्हणून एक्सपोजर ०.७ ते १ स्टॉप (उजेड मोजायचं माप) खाली. शेकरू (मोठी खार) मात्र उंच झाडावर, मागं आकाश. तिथं १ ते १.३ स्टॉप वर, नाहीतर हाती फक्त काळी आकृती लागते. पानांच्या गर्दीत एकाच फोकस पॉइंटवर काम करा, नाहीतर कॅमेरा पुढची फांदी धरतो. शक्य असेल तिथं १/५०० च्या खाली उतरू नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढू द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

जीपमध्ये ट्रायपॉड निरुपयोगी. प्रत्येकाकडे जाड कापडाची पिशवी हवी, त्यात दोन किलो ज्वारी. ती कठड्यावर ठेवायची आणि लेन्स वर. इंजिन चालू असेल तर हीच पिशवी थरथर लेन्सपर्यंत पोचवते, म्हणून चालकाला आधीच सांगा: थांबलं की इंजिन बंद. पुढचे दोघं बसून, मागचे दोघं उभे राहून फोटो काढतील. प्रत्येक थांब्यानंतर जागा बदला. सांगितल्याशिवाय कुणी बदलत नाही.

खाली उतरायचं नाही, हा नियम गाईडनं सांगण्याआधी तुम्ही सांगा. गव्यानं मान वर करून फुरफुर केली, पाय आपटला की फोटो झाला समजा आणि गाडी हळूच मागं घ्या. एकटा नर आणि वासराची आई, दोघांशी अंतर दुप्पट. गवा कोल्हापूरच्या वस्तीजवळ आल्याच्या बातम्यांत लोकांची गर्दी त्याला कशी बिथरवते, हे आपण वाचत आलोय; तीच गर्दी जंगलात आपण व्हायचं नाही.

घरट्याचे फोटो सरसकट बंद ठेवा. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून अन्न भरवतो. झाडाखाली बारा जण उभे राहिले तर नर जवळ येत नाही आणि आत आई-पिल्लं उपाशी राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच बसतं. पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंगही वाजवू नका. हद्दीत आलेला परका समजून पक्षी चिडतो आणि खाण्याची वेळ भांडणात घालवतो.

जेवणात भाकरी, झुणका, ठेचा, केळी. सफारीआधी मिसळ नको. खडबडीत रस्त्यावर कुणाचं तरी पोट बिघडतंच. डबे स्टीलचे घ्या आणि सगळा कचरा एका गोणीत भरून परत आणा. जंगलात मोबाईलला रेंज बेभरवशाची, म्हणून जीपनिहाय नावं, नातेवाइकांचे नंबर आणि भेटीची वेळ कागदावर लिहून चालकाला द्या. पेट्रोल राधानगरीतच भरा. कपडे मातकट रंगाचे घ्या. पँट मोज्यात खोचा आणि परतल्यावर गोचीड तपासा.

मुक्कामी परतल्यावर आधी कार्ड कॉपी करा, मग जेवा. परीक्षणासाठी प्रत्येकानं पाचच फोटो द्यायचे, लांब बाजू २०४८ पिक्सेल. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला की ठिकाणाची माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच राहते. म्हणून दुर्मीळ प्राण्याचा मूळ फोटो देताना मोबाईलचं लोकेशन आधीच बंद असावं, आणि कॅप्शनमध्ये 'राधानगरी' एवढंच.