देवबागच्या समुद्रात गरवायला जाताना

मालवण तालुक्यातील देवबाग ही कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी आहे. येथून सकाळी होडीने निघून समुद्रात गरवावे (गरीने, म्हणजे गळाने मासे धरावेत), परतताना भोगवे-निवतीचा किनारा पाहावा आणि दुपारी मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, असा एक दिवस चार-सहा मित्रांना सहज साधता येतो. मात्र या दिवसाचा क्रम भरती-ओहोटी आणि वारा यांवरून ठरवावा. बहुतेक जण आधी सुट्टी ठरवतात आणि नंतर होडीवाल्याला फोन करतात. तसे न करता आधी पंचांग उघडावे, असा माझा आग्रह आहे.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरील जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळते, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून भरती सकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे त्या दिवसाचे भरतीचे कोष्टकही पाहावे. गरवण्यासाठी अष्टमीच्या आसपासचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असतो, पाण्याला ओढ कमी असते आणि दोरीला बांधलेले शिसे तळाशी स्थिर राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दोरी तिरकी वाहून जाते आणि नवख्या माणसाला मासा लागला की प्रवाहाने ओढले, हेच समजत नाही. शिवाय अष्टमीला पहाटे खाडीच्या मुखाशी भरपूर पाणी असल्यामुळे होडी निर्धोकपणे बाहेर पडते.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि समुद्र शांत असतो. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटून लाटा उठू लागतात. म्हणून साडेसहाला निघून बारापर्यंत खाडीत परतणे हा नियमच समजावा. यांत्रिक नौकांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै या काळात बंदी असते, तर प्रवासी जलवाहतूक साधारणपणे 26 मे ते 31 ऑगस्टपर्यंत बंद ठेवली जाते. त्या काळात कोणी पैशांसाठी न्यायला तयार झाला, तरी त्याच्याबरोबर जाऊ नये.

होडी निवडताना भाड्यापेक्षा परवान्याकडे लक्ष द्यावे. प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि मासेमारीचा परवाना वेगवेगळे असतात; आपल्याला प्रवासी नेण्याची परवानगी असलेली होडी हवी. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे ना, ते निघण्यापूर्वी मोजून पाहावे आणि अंगात घालूनच बसावे. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचावा, किनाऱ्यावरील एका माणसाला परतण्याची वेळ सांगून ठेवावी, ओळखपत्र जवळ बाळगावे आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये नोंदवावा. या सर्वांवर तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा शब्द. त्याने ‘आज नको’ म्हटले, तर वाद न घालता बेत रद्द करावा. पाण्याचा रंग आणि क्षितिजावरचे ढग पाहून त्याला जे कळते ते आपल्याला कळत नाही.

ज्यांना होडी लागते, म्हणजे होडीत मळमळते, त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, हलका नाश्ता करावा, होडीच्या मध्यभागी बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. फोनमध्ये पाहत बसल्याने त्रास हमखास वाढतो.

आता प्रत्यक्ष गरवण्याविषयी. महागड्या रॉडची गरज नाही. तंगूस (नायलॉनची दोरी), गरी आणि शिसे एवढ्यावर कोकणातील माणूस वर्षानुवर्षे मासे काढत आला आहे. आमिष म्हणून ताजी कोळंबी, तारलीचे तुकडे किंवा म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) पट्ट्या घ्याव्यात. म्हाकूल चिवट असल्यामुळे मासा ते सहज काढून नेऊ शकत नाही, म्हणून शिकणाऱ्यांनी त्यापासूनच सुरुवात करावी. आठ-दहा वाव (सुमारे पन्नास-साठ फूट) पाण्यात खडकाळ तळ शोधून तांडेल नांगर टाकतो. मग शिसे तळाला टेकेपर्यंत तंगूस सोडावे, हातभर वर घ्यावे आणि तर्जनीवर हलकेच टेकवून धरावे. तळाला तसेच राहू दिल्यास गरी खडकात अडकते. पहिल्या बारीक टोचणीला ओढण्याची घाई करू नये. मासा आमिष चाखत असतो. दुसरा ठसठशीत ओढा आला की मनगटाने एकच हिसका द्यावा आणि ताण न सोडता दोन्ही हातांनी तंगूस वर घेत राहावे. ते तळहाताला कधीही गुंडाळू नये. आमच्यातील एका मित्राने पकड घट्ट राहावी म्हणून तसे केले, आणि मोठा मासा लागताच त्याच्या तळहाताला अशी चीर पडली की उरलेला दिवस त्याला हात बांधून बसावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सुती हातमोजे घ्यायला लावतो.

खडकाळ भागात तांबोशी, गोबरा, पालू असे मासे लागतात. चालत्या होडीमागे दोरी सोडल्यास नशिबाने सुरमई. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो, म्हणून अनोळखी मासा गरीवरून स्वतः सोडवू नये, तो तांडेलाला द्यावा. काटा लागलाच, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. फुगणारा केंड मासा खाण्यास घातक आहे, तो परत सोडावा. लहान पिल्लेही ओल्या हाताने धरून परत सोडावीत. 2023 पासून महाराष्ट्रात 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरलेला आहे. जेवणापुरते मासे झाले की दोऱ्या गुंडाळाव्यात. ज्यांचे पोट या समुद्रावर आहे, त्यांच्या पाण्यात आपण हौसेने आलेलो असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मासे लगेच बर्फात ठेवावेत.

येथे एक गोष्ट ध्यानात असावी. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्याच्या गाभ्यात येते. म्हणून गरवण्यासाठी कर्लीच्या मुखाच्या दक्षिणेकडे जावे आणि हद्द तांडेलाकडून आधीच समजून घ्यावी.

साडेनऊ-दहाच्या सुमारास किनाऱ्याच्या बाजूने निवतीकडे वळावे. या पट्ट्यात डॉल्फिन बरेचदा दिसतात. त्यांच्या वाटेत आडवे न जाता, इंजिन मंद करून बाजूने चालावे. निवतीचा छोटा किल्ला, ऊन पडल्यावर सोनेरी दिसणारे खडक आणि भोगव्याची लांबच लांब पुळण पाण्यातून जशी दिसते तशी रस्त्याने गेल्यावर दिसत नाही. वेंगुर्ले रॉक्स ही दीपगृह असलेली बेटे आणखी आत समुद्रात आहेत. तेथील गुहांमध्ये पाकोळ्या हे छोटे पक्षी घरटी करतात. समुद्र अगदी शांत असेल तरच दुरून पाहून यावे, उतरण्याचा हट्ट धरू नये.

दुपारी बाराच्या सुमारास संगमाजवळ परतल्यावर ओहोटीमुळे त्सुनामी आयलंड नावाची वाळूची पट्टी उघडी पडलेली असते. ही वाळू 2004 च्या त्सुनामीनंतर वर आली, असे गावकरी सांगतात. भांगाच्या ओहोटीत ती उधाणाइतकी पसरट दिसत नाही, पण पाय मोकळे करण्यास पुरते. मुख्य प्रवाहाच्या बाजूला मात्र पोहायला उतरू नये.

पकडलेले मासे घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवल्यास रांधून मिळतात. जेवण झाले की तासाभरात मालवण जेटी गाठावी. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर पायाभरणी झालेला आणि 1667 मध्ये पूर्ण झालेला सिंधुदुर्ग किल्ला 2025 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तटाच्या वळणात असा लपलेला महादरवाजा, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. शिवराजेश्वराच्या मंदिराबरोबर त्याही आवर्जून पाहाव्यात. मग तटावर चढून दक्षिणेकडे पाहावे, म्हणजे सकाळी जेथे गरवले ते पाणी आता वाऱ्याने खवळलेले दिसते. परतीची शेवटची होडी किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून ठेवावे, कारण किल्ल्यावर पर्यटकांची राहण्याची सोय नाही.