इंदूरच्या कोर्टात जामिनाचे पैसे: कधी भरायचे आणि परत कसे घ्यायचे

घरातलं कोणी अटकेत असलं की डोकं चालत नाही, आणि त्यात कोणी सांगितलं की "५०,००० ची जमानत झाली" तर माणूस दागिने मोडायला निघतो. आधी ऑर्डर वाचा. हिंदीत असते, त्यात "सक्षम जमानत" आणि "स्वयं का मुचलका" असं लिहिलेलं असेल तर रोख भरायची नाहीये. मुचलका म्हणजे आरोपीने लिहून द्यायचं की तारखेला येईन, नाही आलो तर एवढे भरेन, आणि जमानत म्हणजे हीच हमी दुसऱ्या कोणी त्याच्यासाठी घ्यायची. आरोपी हजर राहिला तर कोणाचा एक रुपया जात नाही. वकिलाची फी वेगळी, ती काही परत येत नाही, म्हणून कोणी "जमानतीचे पैसे द्या" म्हणालं तर सरळ विचारा की फी म्हणून की कोर्टात भरायला, आणि कोर्टात भरायचे असतील तर रसीद कुठाय.

जामीनदाराला ऐपत दाखवावी लागते. आपल्याकडे शेतीची ऋण पुस्तिका, म्हणजे जमिनीची मालकी आणि कर्ज नोंदवलेली वही, खूप चालते, पण सुदामा नगरच्या फ्लॅटमधे राहणाऱ्या नोकरदार मराठी घरात ती कुठून येणार? मग एफडी, गाडीचं रजिस्ट्रेशन, घराची रजिस्ट्री, यातलं त्या कोर्टात काय चालेल ते वकिलाला आधीच विचारून ठेवा. पुण्या-नाशिकचा सख्खा भाऊ उभा राहायला तयार आहे आणि समोरून "लोकल माणूस आणा" असं आलं तर वकिलाला मोतीराम केस दाखवायला सांगा, सुप्रीम कोर्ट, १९७८. आपल्याच मध्य प्रदेशातला गरीब गवंडी होता, त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदारी नाकारलेली, न्या. कृष्ण अय्यर यांनी ते साफ चूक ठरवलं. पैसे घेऊन अनोळखी जामीनदार आणून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र अजिबात लागू नका, कागद बोगस निघाले तर नवीन केस अंगावर येते.

जामीनदार मिळतच नसेल तर त्याऐवजी रोख जमा करायची परवानगी मागता येते, बीएनएसएसचं, म्हणजे फौजदारी केस चालवायच्या नव्या कायद्याचं कलम ४९०, जुन्या सीआरपीसीत हेच ४४५ होतं. आणि पैसेच नसतील तर १५१०० वर फोन करा, विधिक सेवावाले, म्हणजे सरकारी कायदेशीर मदत देणारे, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील देतात, उत्पन्न बघत नाहीत.

रोख भरताना एक गोष्ट पक्की करा, पैसे ज्याचे त्याचंच नाव रसीदवर. काकांनी भरले आणि रसीद आरोपीच्या नावाने फाटली की पुढे घरातच भांडणं होतात. रसीदचा फोटो काढून ठेवा, केस नंबर मागे लिहा, कारण केस वर्षानुवर्षं चालते आणि तोवर कोणाला काही आठवत नाही.

केस संपली की पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, हेच कित्येकांना माहीत नसतं. ज्या कोर्टात भरले तिथे अर्ज द्यायचा, सोबत मूळ रसीद, निकालाची नक्कल, ओळखपत्र, बँक पासबुकची कॉपी. सुटका झाली काय किंवा शिक्षा झाली काय, आरोपी तारखांना येत होता तर ही रक्कम परत मागायचा हक्क आहे. सुटका झाल्यावरही कोर्ट अपीलसाठी सहा महिन्यांचा बॉंड (लेखी हमी) घेतं, बीएनएसएसचं कलम ४८१, त्यामुळे जुनी रक्कम लगेच सुटेल की त्यात अडकेल हे निकालाच्या दिवशीच विचारून घ्या. फाईल रेकॉर्ड रूमला गेली की शोधण्यात फार वेळ जातो, म्हणून उशीर नको.

तारीख चुकली तर? वॉरंट निघतं, बॉंड जप्त होऊ शकतो, पण पैसे वसूल करण्याआधी नोटीस येते आणि कारण सांगायची संधी मिळते, रक्कम कमी करायचा अधिकारही कोर्टाला आहे. आजारी असाल तर त्याच दिवशी वकिलाकडून हाजिरी माफीचा अर्ज द्या, दवाखान्याचा कागद जोडा.

जामीनदाराला मधेच बाहेर पडायचं असेल तर तोही अर्ज करू शकतो, कलम ४८९, मग आरोपीने दुसरा माणूस आणायचा. ज्यांची ऋण पुस्तिका लावली होती त्यांनी केस संपल्यावर त्यावरची कोर्टाची नोंद कटवून घ्यावी, नाहीतर पुढे कर्ज काढताना किंवा जमीन विकताना तीच नोंद आडवी येते.