जादूचा कोयता आणि बिघडलेला डाव: या चुका टाळा

फोंड्याला आमच्या घरी रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालते, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. पावसात वीज गेली तर मेणबत्तीवर. डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, मीच. नवा कोणीही आला की तिसऱ्या लेव्हललाच सुरू करतो, "दादा, माझी तलवार कस्टम करून द्या ना!"

देतो की. पण एकाच हत्याराला सगळं चिकटवू नका. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तावातावाने सांगतोय. एका पोराला कोयता हवा होता. आकडे लांब तलवारीचेच घेतले. ते बरोबरच होतं. नाव-रूप हवं ते द्या, फासे तेच ठेवा. पण त्याने इंटरनेटवरून भलीमोठी यादी उतरवून आणली आणि मी भिडेखातर +३ दिलं (वार लागण्यात आणि नुकसानात, दोन्हींत तीनची भर), वर फ्लेम टंग या जादुई तलवारीची आग, २डी६, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांचं जादा नुकसान.

हिशेब नंतर केला. आर्मर क्लास १५ चा शत्रू, म्हणजे वार लागायला फासा आणि बोनस मिळून १५ हवेत. हल्ल्याला बोनस +५. वीसच्या फाशावर १० पडायला हवेत, म्हणजे ५५ टक्के. +३ मिळालं की ७ पुरतात, म्हणजे ७० टक्के. लागलेल्या वाराचं सरासरी नुकसान साडेसातवरून साडेसतरावर. क्रिटिकल (फाशावर थेट वीस पडलेले वार) बाजूला ठेवले तरी दर वाराला सरासरी चारच्या जागी बारा! आणि क्रिटिकलला आगीचे फासेही दुप्पट होतात. २०१४ च्या नियमपुस्तकात +३ चं हत्यार 'व्हेरी रेअर' आहे ते उगाच नाही.

तीन रविवार रंगवलेला दरोडेखोरांचा म्होरक्या दोन वारांत आडवा. बाकीचे तिघे मोबाइल काढून बसले. मग मी आणखी शेण खाल्लं: आग लागतच नाही असे शत्रू आणले. पोरगं हुशार. "दादा, हे खास माझ्यासाठीच ना?"

डाव थांबवून चहावर बोललो. तो म्हणाला, "आकडा काढा, आग राहू दे." त्याला दिमाखच हवा होता! तेव्हापासून प्रत्येक हत्यार कार्डावर पेन्सिलीने लिहितो. तीन रविवार टिकलं तरच पेन. घाई असेल त्याने दुसरा डीएम बघावा.

बाकी किरकोळ. आग पेटवायला बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) आणि कमांड वर्ड (तोंडाने म्हणायचा ठरलेला शब्द) लागतो, ती अट खाऊ नका. (आमचा रात्री अकराला "पेट!" ओरडतो, शेजारच्या काकी खिडकीत येतात.) अट्यूनमेंट, म्हणजे जादूच्या वस्तूशी पात्राचं जुळणं, एका पात्राला तीनच वस्तूंची. तलवारीचा चार पानी इतिहास लिहू नका, कोणी ऐकत नाही.

आणि जादू म्हणजे नुसतं नुकसान, हे डोक्यातून काढा. परशुरामाच्या बाणाने समुद्र हटला आणि बाण पडला ती बाणावली, ही कथा आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. एका मुलीच्या धनुष्याला एवढंच दिलं: दिवसातून एकदा, बाण पडेल तिथे तीस फुटांतलं पाणी मिनिटभर बाजूला सरेल. फासा एकही वाढवला नाही. तिने भर भरतीत चाच्यांच्या गलबताखालीच बाण मारला. गलबत चिखलात कललं, आतली माणसं एकमेकांवर पडली, आणि माझ्या वहीतल्या पुढच्या दोन तासांचा कागद फुकट गेला. मी चहा ठेवायला उठलो.