जुनी फोर-बाय-फोर हायवेवर काढताय? वेग ठरवताना या चुका टाळा

जुनी जीप किंवा लँड रोव्हर दिसली की पहिला प्रश्न येतो, "किती पळते?" उत्तर काहीही असो, त्याचा उपयोग फार नाही. टॉप स्पीड दोन-चार मिनिटं दाखवता येतो. तीन तास सलग, इंजिन न तापवता आणि हात न आखडता धरता येतो तो वेग वेगळा. तो इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर या चौघांपैकी जो कमजोर असेल तो ठरवतो. बहुतेक मालक मात्र एकट्या इंजिनाला विचारून मोकळे होतात.

दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणं

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबी या लष्करी जीपच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीवर टॉप गिअरची कमाल मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किमी, अशी लिहिलेली असते. तोंडवळा सारखा म्हणून सीजेवालेही, म्हणजे तिच्या नागरी आवृत्तीचे मालकही, हा आकडा आपलाच समजतात. पण एमबीचा डिफरन्शिअल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे फेरे) ४.८८ होता, तर १९४५ मध्ये शेतीकाम डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या सीजे-२एचा ५.३८. टायर दोन्हींना ६.००-१६ धरले, तर ताशी ८० किमीला एमबीचं इंजिन २,९०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरतं आणि सीजेचं ३,२०० च्या वर. तीच सीजे १०५ ला नेली तर आकडा ४,२०० च्या पुढे जातो. या इंजिनाची पूर्ण ताकद ४,००० ला मिळते, म्हणजे तुम्ही त्याच्याही पलीकडे गेलात.

आपल्या गाडीचा हिशोब घरच्या घरी करता येतो. टायरवर खडूची खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मीटरमध्ये मोजा. वेगाला १६.७ ने गुणा, त्या अंतराने भागा आणि डिफरन्शिअलच्या रेशोने गुणा. टॉप गिअर डायरेक्ट (१:१) असेल तर हाच तुमचा आरपीएम. ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची, हाय रेंज मात्र तपासून घ्या. जीपमध्ये ती १:१ असते, पण सीरिज २ आणि ३ च्या लँड रोव्हरमध्ये १.१४८. त्यामुळे कागदावर ४.७ चा डिफरन्शिअल दिसला तरी प्रत्यक्ष रेशो ५.४ च्या घरात जातो. हे न धरता काढलेला आरपीएम तेवढाच कमी येतो आणि उगीच धीर देतो.

नुसता आरपीएम बघूनही भागत नाही. जुन्या जीपच्या २.२ लिटर इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, १११ मिमी आहे, लँड रोव्हरच्या २.२५ लिटर पेट्रोलचा ८८.९ मिमी. ताशी ८० किमीला जीपचा पिस्टन सरासरी सेकंदाला १२ मीटर धावत असतो, ७.५०-१६ टायर लावलेल्या लँड रोव्हरचा पावणेनऊ मीटरच्या आत. म्हणून दोघी शेजारी शेजारी चालल्या तरी एक निवांत असते आणि दुसरीची दमछाक चाललेली असते.

माझं मत विचाराल तर चार सिलिंडरच्या सीजेला ६५ ते ७५, सीरिज लँड रोव्हरला ७५ ते ८५ आणि सहा सिलिंडरच्या एफजे४० लँड क्रूझरला ८५ ते ९५ किमी हा आरामाचा पट्टा. तोही गाडी धडधाकट असेल तरच.

अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून क्रूझ करणं

या गाड्यांचं नाक सपाट, काच उभी आणि वरचं कापड फडफडणारं. वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० वरून १०० ला जाताना ती जवळपास दुप्पट होते. सपाट रस्त्यावर वेग टिकवायला पेडल अर्ध्याहून जास्त दाबावं लागत असेल, तर तुम्ही आरामाचा वेग ओलांडलाय. पुढे चढ आला किंवा समोरून वारा लागला, तर द्यायला हातात काही उरत नाही.

पेट्रोल गाडीत साधा व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतंय ते दाखवणारा काटा) लावा. मला तो टॅकोमीटरपेक्षा उपयोगी वाटतो, कारण इंजिन किती फिरतंय यापेक्षा त्याच्यावर किती ओझं आहे हे तो सांगतो. काटा दहा इंचांच्या खाली जाऊन तिथेच राहिला, की पाच किमी कमी करा. फरक लगेच दिसतो.

मोठे टायर लावले आणि प्रश्न सुटला असं समजणं

६.००-१६ काढून ७.५०-१६ लावले की आरपीएम दहा-अकरा टक्के उतरतो, हे खरं. पण स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवायला लागतो. काट्यावर ८० असताना गाडी ८८-८९ ने चाललेली असते. वर ब्रेकला जड चाक थांबवायचं असतं, आणि जिथे टॉप गिअर खेचायचा तिथे खालच्या गिअरवर यावं लागतं. जीपीएसवर स्पीडोमीटर एकदा पडताळून फरक कागदावर लिहून ठेवा.

ओव्हरड्राइव्हचंही, म्हणजे टॉपच्याही वरच्या जादा गिअरचंही, असंच. लँड रोव्हरसाठी मिळणारा फेअरी ओव्हरड्राइव्ह आरपीएम बावीस टक्क्यांच्या आसपास उतरवतो, आणि सपाट रस्त्यावर कानांना खरंच सुख मिळतं. मात्र तो जास्त वेग गाठायला घेतला तर पैसे वाया गेले. त्याच वेगाला कमी आवाज, एवढंच त्याचं काम.

जाण्याचा वेग बघणं, थांबण्याचा विसरणं

६० वरून ९० ला गेलात की ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. चारही चाकांना ड्रम आणि एकच हायड्रॉलिक सर्किट असलेल्या गाडीत हा आकडा हलक्यात घेऊ नका. एका चाकाचा व्हील सिलिंडर गळला, तरी चारही ब्रेक जातात.

ब्रेक पेडल बरंच काही सांगतं. दोनदा पंप केल्यावर वर येत असेल तर शू अ‍ॅडजस्ट करायला झालेत. पायाखाली स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूचा लायनर तेलाने भिजलाय का बघा. हबचं ऑइल सील सुटल्याची ही नेहमीची खूण.

थरथरणाऱ्या स्टिअरिंगवर डॅम्पर चढवणं

सगळ्यात धोकादायक चूक हीच. ६०-७० च्या आसपास एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी झोडपायला लागतात. त्या क्षणी करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि वेग उतरू द्या.

नंतर लोक नवा स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) लावतात. थरथर काही काळ दबते, मूळ दोष तसाच वाढत राहतो. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा. मग पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे) खटखटतात का ते कळतं. किंगपिनच्या बेअरिंगना ठरावीक ताण लागतो आणि तो शिम (पातळ चकत्या) घालून-काढून बसवतात. हाताला घट्ट लागलं म्हणून बरोबर आहे असं धरू नका, स्प्रिंग बॅलन्सने मोजा.

हे सगळं ठीक असेल तर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि यू-बोल्ट बघा. पाट्यांना लांब शॅकल (पाटा चॅसीला जोडणारी हलती कडी) लावून गाडी उंच केली असेल, तर संशयित सापडला म्हणा. शॅकल एकाच टोकाला असल्याने अ‍ॅक्सल फिरतो आणि कॅस्टरचा कोन, म्हणजे किंगपिनचा पुढे-मागे कल, बदलतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि सरळ रस्त्यावरही गाडी भटकत राहते. पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये योग्य कोनाची पाचर घालून हे दुरुस्त होतं.

रेडियल आणि क्रॉस-प्लाय टायर एका अ‍ॅक्सलवर कधीच मिसळू नका. नक्षी कितीही खोल असो, टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. वाळूसाठी हवा कमी केली असेल तर हायवेला लागण्याआधी भरा.

फोर-व्हील लागलेलीच ठेवणं

मधला डिफरन्शिअल नसलेल्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर-व्हील ठेवू नका. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो फरक निघायला जागा नसल्याने ट्रान्समिशन आवळत जातं. लिव्हर सुटेनासा झाला तर थोडं रिव्हर्स घ्या.

लक्षण एक, इलाज भलत्याच जागी

गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर थंड होते, तर फॅन किंवा त्याचा बेल्ट बघा. उलट असेल, म्हणजे ७० च्या पुढेच काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून बुजलेला, इग्निशन टायमिंग मागे गेलेलं किंवा पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ. रेस दिल्यावर रेडिएटरचा खालचा पाइप आत चिमटतोय का तेही बघा. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधूनच जातात, त्यामुळे पाण्यावर उष्णतेचा भार मुळातच जास्त.

ठरावीक वेळ नीट चालून मग गाडी हिसके देते आणि जरा थांबली की पुन्हा बरी होते, तर कार्ब्युरेटर खोलायची घाई नको. थांबल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा सूं आवाज आला तर झाकणाचं छिद्र बुजलंय. नाहीतर फिल्टर, मग पंपाचा डायफ्राम.

व्हायब्रेशनसाठी त्याच वेगात गिअर न्यूट्रलला घेऊन बघा, रस्ता मोकळा आणि सपाट असताना. थरथर तशीच राहिली तर चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट, थांबली तर इंजिनाकडची बाजू. अ‍ॅक्सिलरेटर सोडता-दाबताना खाडकन आवाज येत असेल तर शाफ्टचे क्रॉस तपासा.

पहिल्या अर्ध्या तासानंतर गाडी थांबवा आणि चारही हबजवळ हात न्या, टेकवू नका. एकच बाकीच्यांपेक्षा बराच तापला असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. तो थंड होऊ द्या, चाक उचलून हाताने फिरवा आणि कारण कळेपर्यंत पुढे निघू नका.