मुलांसह बर्फातली सुट्टी: स्कीइंग आणि वन्यप्राणी निरीक्षण यांची सांगड कशी घालावी

डोंगरातल्या हिवाळी सुट्टीत स्कीइंगही करायचे आणि वन्यप्राणीही पाहायचे, असे कुटुंबाने ठरवले की पहिली अडचण येते ती वेळेची. स्कीइंगला भरपूर उजेड आणि यंत्राने सारखा केलेला उतार हवा असतो, आणि आजूबाजूला गर्दी असली तरी त्यात फारसे बिघडत नाही. प्राणी पाहायला मात्र शांतता, पहाटेचा किंवा सांजेचा मंद प्रकाश आणि एका जागी थांबून राहण्याची तयारी लागते. उतारावरून येता-जाता प्राणीही दिसतील, अशी आशा धरून निघालेली कुटुंबे बहुधा दोन्हींना मुकतात. म्हणून दिवसाचे तास आधीच वाटून घ्यावेत, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे: उजाडतानाचा एक तास आणि मावळतीचा एक तास प्राण्यांचा, आणि मधले ऊन स्कीचे.

ठिकाण आणि काळ

सोप्या उतारांचे स्की केंद्र आणि संरक्षित दरी यांच्यात गाडीने अर्ध्या तासाहून जास्त अंतर नसेल, असे मुक्कामाचे गाव शोधावे. अंतर याहून वाढले की पहाटेची फेरी पहिल्या दोन दिवसांनंतर आपोआप बंद पडते. इटलीतील ग्रान पॅराडिसो राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले कोन्ये हे गाव या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. तेथून जवळच्या व्हालनोंते दरीच्या तळाशी सपाटीवरच्या स्कीइंगच्या वाटा आहेत आणि वरच्या कड्यांवर आयबेक्स व शॅमॉय हे डोंगरी चरणारे प्राणी हिवाळ्यात खाली उतरलेले दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्समधील आयबेक्स शिकारीमुळे जवळजवळ संपले होते आणि जेमतेम शंभराच्या आसपास प्राणी याच डोंगररांगेत उरले होते. आज आल्प्समध्ये दिसणारे सगळे आयबेक्स त्यांचेच वंशज आहेत. 1922 मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. हा इतिहास मुलांना निघण्यापूर्वीच सांगितला, तर पुढे दुर्बिणीत शिंगे दिसल्यावर त्यांना त्या प्राण्याचे मोल अधिक कळते.

लांडगे पाहायचे असतील, तर अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा उत्तर भाग निवडावा. तेथे 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडण्यात आले. लमार दरीतून जाणारा रस्ता हिवाळ्यातही मोटारींसाठी खुला राहतो. उद्यानातील बाकीचे बहुतेक रस्ते मात्र त्या काळात साध्या गाड्यांना बंद असतात. जवळ उद्यान आहे एवढ्यावर विसंबून आरक्षण करू नये. स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय उद्यान हिवाळ्यात अभ्यागतांसाठी पूर्णपणे बंद असते, आणि ते तसेच असायला हवे.

काळाच्या बाबतीत डिसेंबरमध्ये आयबेक्सचा माजाचा हंगाम असतो आणि नरांच्या शिंगांच्या टकरी पाहायला मिळू शकतात, पण आल्प्समध्ये त्या महिन्यात दिवस साडेआठ-नऊ तासांचाच असतो आणि थंडी झोंबते. लहान मुले बरोबर असतील, तर मला फेब्रुवारीचा उत्तरार्ध अधिक पसंत आहे, कारण तेव्हा बर्फ भरपूर असते आणि ऊनही दुपारपर्यंत टिकते. मुक्काम शक्यतो 2500 मीटरच्या खाली ठेवावा. उंचीचा त्रास साधारण तेथून पुढे जाणवू लागतो, आणि लहान मूल डोके दुखत असल्याचे सांगेलच असे नाही. ते किरकिर करते, जेवत नाही किंवा उलटी करते. अशा वेळी उंची कमी करणे हाच खरा उपाय असतो.

बूट, कपडे आणि ऊन

साहित्य विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावे, आणि भाड्याच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्यावा. स्कीच्या बुटाचे माप पावलाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये ठरते. मूल ताठ उभे राहिले असता अंगठा पुढच्या भिंतीला हलकेच टेकावा आणि गुडघे वाकवल्यावर तो सुटा व्हावा, टाच मात्र जागची उठू नये. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मोठा बूट घेणे हे इथे घातक ठरते, कारण पाय आत सरकला की स्की वळत नाही. आमच्या पहिल्या सुट्टीत आम्ही मुलीला ऊब मिळावी म्हणून लोकरी पायमोज्यांचे दोन जोड घातले होते. तासाभरात ती रडू लागली. बूट काढला तेव्हा घोट्यावर मोज्याच्या घडीचा लाल वळ उमटला होता आणि बोटे बर्फासारखी गार पडली होती, कारण दाबामुळे रक्तच नीट पोहोचत नव्हते. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा, सुरकुती नसलेला पायमोजा घालावा, हे त्या दिवशी आम्हाला कायमचे समजले.

बूट स्कीला धरून ठेवणारी पकड पडल्यावर वेळेत सुटावी लागते. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरवले जाते, म्हणून दुकानात वजन विचारले तर खरे तेच सांगावे. नवशिक्या मुलाची स्की उभी धरली असता छाती ते हनुवटी यांच्या दरम्यान यावी.

कपड्यांचे तीन थर पुरतात: अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा, मध्ये उबेचा आणि वर वारा-पाणी अडवणारा. अंगालगत सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो आणि थांबल्यावर अंग गारठवतो. हा नियम स्कीपेक्षाही प्राणी पाहताना अधिक लागू पडतो, कारण तेव्हा हालचाल जवळजवळ नसतेच. लहान मुलांना बोटे एकत्र राहतील असे हातमोजे द्यावेत आणि एक जादा जोड खिशात ठेवावा. उणे 10 अंश तापमानात ताशी 30 किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 20 अंशांइतकी जाणवते, आणि चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवरून उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या उघड्या खुर्चीवर, बसलेल्या मुलाला असा वारा सतत लागतो. दर फेरीनंतर मुलांचे गाल आणि नाकाचा शेंडा पाहावा. पांढुरका, बधिर डाग दिसला तर उबदार तळवा त्यावर ठेवावा. तेथे बर्फ मुळीच चोळू नये.

उन्हाचा विचार थंडीत सुचत नाही, म्हणून तो वेगळा सांगतो. दर 1000 मीटर उंचीला अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यांतले 80 टक्क्यांपर्यंत परत फेकते, म्हणजे ऊन खालूनही लागते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावावे. ढगाळ दिवशीसुद्धा डोळ्यांवर गॉगल असावा. बर्फाच्या प्रकाशाने डोळे पोळले तर ते लगेच कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, आणि मग पुढचा दिवस अंधाऱ्या खोलीत जातो.

उतारावर

मुलांना आई-वडिलांनी स्वतः शिकवू नये. प्रशिक्षकाचे ऐकणारे मूल पालकांपाशी हट्ट धरते, आणि सकाळचे दोन तास गटात शिकलेले मूल तिसऱ्या दिवशी सोप्या उतारावर स्कीची पुढची टोके जवळ आणून, मागची टोके फाकवून, सुखाने थांबू लागते. तोवर मोठ्यांनीही शिकून घ्यावे. उतारांचे रंग नकाशात नीट पाहावेत: युरोपात निळा म्हणजे सोपा आणि लाल म्हणजे मध्यम, तर उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ सोपे असते आणि निळा चौकोन मध्यम. एका खंडात शिकून दुसऱ्या खंडात गेलेली कुटुंबे इथे हमखास फसतात.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या वर्तन-नियमांपैकी एक नियम मुलांकडून पाठच करून घ्यावा: मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचे. थांबायचे ते उताराच्या कडेला आणि वरून दिसेल अशा जागी, चढाच्या आडोशाला कधीही नाही. शेवटची फेरी अंगात दम शिल्लक असतानाच घ्यावी. दुपारी मुलांचे पाय थकलेले असतात आणि त्याच सुमाराला बर्फ एकतर मऊ पडलेले असते किंवा पुन्हा गोठू लागलेले असते. दीड-दोनला स्की काढून ठेवली तर सांजेच्या फेरीसाठी ताकदही उरते.

आखलेल्या उताराबाहेर मुलांना नेऊ नये. हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी 1 ते 5 अशा अंकांनी रोज जाहीर होते. तिसरी पातळी मधली म्हणून बेताची वाटते, पण जीवघेणे अपघात त्या पातळीला पुष्कळ होतात. दुसरे कारण प्राण्यांचे आहे आणि ते मला तितकेच महत्त्वाचे वाटते. हिवाळ्यात तांबडे हरीण आपल्या हृदयाची गती आणि शरीराच्या बाह्य भागाचे तापमान कमी करून साठवलेल्या चरबीवर दिवस काढते. ब्लॅक ग्राउज हा पक्षी बर्फात बीळ करून दिवसाचा बराच वेळ त्याच्या उबेत बसून राहतो. अनोळखी स्कीस्वार अंगावर आला की हरणाला खोल बर्फातून पळावे लागते, पक्ष्याला ऊब सोडून उडावे लागते, आणि खर्च झालेली ती शक्ती भरून काढायला त्या ऋतूत पुरेसे अन्न नसते. जंगलाच्या कडेला दोर लावून किंवा फलक उभारून राखलेले शांत क्षेत्र दिसले तर तेथे रस्ता कितीही मोहक असला तरी आत शिरू नये, आणि तसे का, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगावे.

प्राणी पाहताना

हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेला तीव्र उतार आधी पाहावा. तेथले बर्फ घसरून जाते, ऊन आधी पोहोचते आणि वाळलेले गवत उघडे पडते, म्हणून आयबेक्स तेथे असण्याची शक्यता अधिक असते. आधी नुसत्या डोळ्यांनी सगळा डोंगर डावीकडून उजवीकडे सावकाश न्याहाळावा आणि काही वेगळे वाटले तरच दुर्बीण लावावी. डोंगराच्या तिरप्या रेषांत आडवी पाठ वेगळी उठून दिसते.

मोठ्यांसाठी 8×42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग 42 मिलिमीटरचे असलेली, दुर्बीण मंद प्रकाशात चांगली चालते. मुलांना 8×32 ची हलकी द्यावी. निघण्यापूर्वी मुक्कामीच मुलांना दूरच्या खिडकीवर ती स्थिर धरण्याचा सराव द्यावा, नाहीतर प्राणी समोर असताना मूल फक्त आकाश पाहत राहते. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी, आणि परतताना उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करावा, म्हणजे भिंगावर दव धरत नाही.

एका सकाळी आम्ही दरीच्या तळाशी थांबलो असताना मुलाला वर आयबेक्सचा एक नर दिसला. तो पुढच्या खुराने बर्फ उकरी, दोन-तीन घास घेई आणि मग बराच वेळ नुसता उभा राही. त्याच्या मिशांवर श्वासाचे दव गोठले होते आणि शिंगांवरचे उंचवटे दुर्बिणीतून एकेक करून मोजता येत होते. मुलाने विचारले, तो मध्येच का थांबतो? उत्तर त्यानेच थोड्या वेळाने दिले: उकरायला शक्ती लागते.

अंतराचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. यलोस्टोनमध्ये लांडगे आणि अस्वले यांच्यापासून किमान 91 मीटर आणि इतर प्राण्यांपासून 23 मीटर दूर राहावे लागते. आकड्यांपेक्षा प्राण्याच्या वागण्याकडे मी अधिक लक्ष देतो. चरणे थांबवून त्याने मान वर केली आणि कान आपल्यावर रोखले, तर आपण जवळ गेलेलो आहोत. आवाज न करता मागे सरकावे. खायला काहीही टाकू नये. ठशांचा माग काढायचा असेल तर प्राणी जिकडून आला त्या दिशेने काढावा, जिकडे गेला त्या दिशेने नाही. गोष्ट तेवढीच वाचता येते आणि त्याला पाठलाग जाणवत नाही.

स्की करतानाच दिसू शकेल असा एक मोठा पक्षी मात्र आहे. आल्प्समधून विसाव्या शतकाच्या आरंभी नाहीसे झालेले दाढीवाले गिधाड 1986 पासून तेथे पुन्हा सोडण्यात येऊ लागले. त्याच्या पंखांचा पसारा 2.8 मीटरपर्यंत असतो, शेपूट पाचरीसारखी टोकदार असते, आणि मोठी हाडे उंचावरून खडकावर टाकून फोडून ते खाते. ऊन चढल्यावर चेअरलिफ्टवर बसले की मुलांना आकाश पाहण्याचे काम द्यावे.

रात्री बर्फ पडून पहाटे थांबले, तर त्या सकाळी वरच्या लिफ्ट उशिरा सुरू होतात, कारण आधी हिमस्खलनाचा धोका निवारावा लागतो. तो वेळ लिफ्टच्या रांगेत घालवू नये. दरीतल्या मोकळ्या पायवाटेवर मुलांना घेऊन जावे. तेथे दिसणारा प्रत्येक ठसा त्याच रात्रीचा असतो. सशाची पुढची दोन छोटी पावले एकामागे एक आणि त्यांच्या पुढे मागची दोन मोठी पावले शेजारी-शेजारी उमटतात, कोल्ह्याच्या ठशांची माळ दोरी धरल्यासारखी सरळ जाते, आणि एर्मिन या पांढऱ्या छोट्या शिकाऱ्याचे ठसे जोडीजोडीने उड्या घेत दगडांच्या फटीत नाहीसे होतात. ठशाशेजारी हातमोजा ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे माप कळते, आणि वहीत जागा व वेळ लगेच लिहून ठेवावी.