टाकलेल्या कातेवरून साप ओळखताना

उसाचा पाला काढताना किंवा गंजीतला कडबा ओढताना कात दिसली, की वाळवा-शिराळा भागात पहिला प्रश्न विषाचाच निघतो. कातेवर रंग फारसा उरत नाही, खवले मात्र स्पष्ट राहतात, आणि जुन्या निसर्ग-अभ्यासकांची भिस्तही खवल्यांवरच होती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये सापांच्या जाती नोंदवताना पोटाखालचे व शेपटीखालचे खवले मोजून दिले. कोरोमंडल किनाऱ्याच्या (भारताच्या आग्नेय किनाऱ्याच्या) सापांवरील ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या पॅट्रिक रसेलने कोंबड्या-कुत्र्यांना दंश करवून विष पारखले. परंतु सर्व विषारी सापांना लागू पडेल अशी सोपी बाहेरची खूण त्यालाही मिळाली नाही. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

कात काठीने ओढून घ्यावी, कारण साप जवळच असू शकतो. ती कोमट पाण्यात भिजवून काळ्या कागदावर पसरावी. साप ती मोज्यासारखी उलटी काढतो, हे ध्यानात असू द्यावे.

सर्वांत जपून पाहावी लागते ती मण्यार, कारण निरुपद्रवी कवड्या तिच्यासारखाच दिसतो. मण्यारीच्या पाठीच्या मध्यभागी मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्याच्या पाठीवर सर्व खवले सारखे असतात. मात्र मांजऱ्या सापाचीही मधली रांग मोठी असते, त्यामुळे शेपटीची खालची बाजू पाहिल्याखेरीज निर्णय करू नये: मण्यारीचे तेथील खवले एकेरी, तर कवड्या आणि मांजऱ्या यांचे जोडीने असतात.

घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस यांच्यात डोक्यावरचे बारीक खवले उपयोगी नाहीत, ते दोघांनाही असतात. घोणशीच्या पोटाचे खवले पोटाची पूर्ण रुंदी व्यापतात, डुरक्याचे अरुंद राहतात. तरीही रुंद खवले म्हणजे विषारी, असा उलटा अर्थ काढू नये. धामणीचेही तसेच असतात.

फुरशाच्या कुशीच्या खवल्यांवरील कणे (उंचावलेल्या रेषा) तिरपे व दातेरी असतात.

नागासाठी डोक्याचा भाग शाबूत हवा. वरच्या ओठाचा तिसरा खवला एकीकडे डोळ्याला आणि दुसरीकडे नाकपुडीच्या खवल्याला टेकलेला असतो. डोके फाटलेले असल्यास नोंदीत ‘अनिश्चित’ एवढेच लिहावे. दंश झाला असेल, तर या तपासणीत वेळ न घालवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. तेथील उपचार लक्षणे पाहून सुरू होतात.